डब्यावर एक, तोंडी दुसरं

डब्याच्या मागच्या बाजूला, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील एवढ्या अक्षरात, एक इंग्रजी ओळ छापलेली होती. तिचा अर्थ : औषधी वापरासाठी नाही. हा डबा माझ्या काउंटरवर ठेवणाऱ्या काकूंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना जे सांगितलं गेलं होतं ते मराठीत सांगितलं होतं. या अळंबीच्या कॅप्सूलनं साखर मुळापासून जाते, गोळ्या हळूहळू बंद करता येतात, साइड इफेक्ट काही नाही.

काकूंनी गोळ्या हळूहळू नव्हे, एकदमच बंद केल्या होत्या. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) साडेसातवरून दहाच्या वर गेली, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा लेकीनं त्यांना डॉक्टरांकडं नेलं आणि चिठ्ठी घेऊन दोघी माझ्या दुकानात आल्या. ‘‘हे पण सोबत चालू ठेवू का दादा? निम्मा डबा शिल्लक आहे. साडेतीन हजारांचा आहे.’’ त्यांच्या मधुमेहाच्या, मेटफॉर्मिनच्या महिन्याच्या गोळ्यांचं बिल दीडशे रुपयेसुद्धा झालं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. एवढ्या काळात नोनीचा रस आला, चुंबकाच्या गाद्या आल्या, पाणी ‘अल्कलाइन’ करणारी यंत्रं आली. कुणी विचारलं तर ‘घेऊ नका’ एवढं सांगून माझं काम भागायचं. अळंबीच्या बाबतीत ते भागत नाही. रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, चागा या अळंब्यांची नावं घेऊन जे डबे विकले जातात, त्यांच्या मुळाशी खरोखरच काहीतरी आहे. अळंबी ही बुरशीच, आणि बुरशीतून औषध निघतं हे औषधाच्या दुकानदाराला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. अळंबीत औषध असेल, तर तिला औषधाचे नियम लावा. विकताना औषध आणि परवान्यासाठी अन्न, ही दोन तोंडं बंद व्हायला हवीत.

माझ्या दुकानातल्या फळ्यांवरून नुसता हात फिरवला तरी बुरशी सापडते. पेनिसिलिन तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या पिंपरीतला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पेनिसिलिन बनवण्यासाठीच. मूत्रपिंड बदललेला रुग्ण रोज घेतो ते मायकोफिनोलेट बुरशीतून आलं. सायक्लोस्पोरिनही तसंच, नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीचं ते देणं. आणि ही दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणजे बसवलेला अवयव शरीर झिडकारत नाही. अळंबी म्हटलं की ‘इम्युनिटी वाढते’ असं जे सरसकट सांगितलं जातं, ते ऐकताना मला ही दोन नावं आठवतात. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेशी खेळण्याची ताकद या जीवसृष्टीत आहे हे खरंच. पण खेळ कोणत्या दिशेनं होणार ते जातीवर, अर्कावर आणि मात्रेवर ठरतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची गोष्ट मला फार जवळची वाटते. अकिरा एंडो हे जपानी शास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोतल्या एका औषध कंपनीत बुरशीच्या सुमारे ६,००० नमुन्यांचे अर्क एकेक करून तपासत बसले. १९७३ साली त्यातल्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाट अडवणारा पदार्थ मिळाला. आजच्या विक्रीच्या सभेत एवढ्यावर टाळ्या पडल्या असत्या आणि डबे संपले असते. एंडोंचं काम इथून सुरू झालं. उंदरांवर गुण येईना, तेव्हा कोंबड्यांवर पाहिलं, कुत्र्यांवर पाहिलं. १९७८ साली ओसाकात पहिल्यांदा एका रुग्णाला ते दिलं गेलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण स्नायू दुबळे पडू लागले, म्हणून मात्रा कमी करावी लागली. ही सगळी माहिती नोंदली गेली, छापली गेली. बुरशीपासूनचं पहिलं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या औषधांचं नाव) अमेरिकेत बाजारात आलं ते १९८७ साली, दुसऱ्याच बुरशीतून आणि दुसऱ्याच कंपनीकडून. आज मी विकतो ती अटोरव्हास्टॅटिन कारखान्यात रसायनांपासून बनते, पण तिचं घराणं तेच. शोध आणि गोळी यांच्यामध्ये चौदा वर्षं गेली. या चौदा वर्षांत काय काय झालं, नेमकं तेच काकूंच्या डब्यात नाही.

‘हजारो वर्षांची परंपरा आहे’ असं यावर उत्तर येतं. परंपरा आहे, चीनची. रेशीला तिथं लिंगझी म्हणतात आणि दीर्घायुष्याशी तिचं नाव फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे. मराठी सभेत मात्र ही परंपरा हळूच ‘आपली’ होते, ‘आयुर्वेदिक’ होते. आपल्याकडं काय म्हटलंय ते पाहायचं असेल तर चरकसंहितेचं सूत्रस्थान उघडावं. तिथं छत्रीच्या जाती भाज्यांच्या वर्गात येतात. सर्पच्छत्रक नावाची जात वगळून बाकीच्या थंड, गोड, पचायला जड आणि पडसं आणणाऱ्या, असं त्यांचं वर्णन आहे. रसायन, म्हणजे शक्ती आणि आयुष्य वाढवणारं औषध, म्हणून गौरव नाही. आपल्या लोकांना अळंबीचं औषध माहीत नव्हतं असं मात्र नाही. कोकणात फणसाच्या खोडावर येणारी लाकडासारखी कडक बुरशी, फणसोंबा, जुन्या बाया जपून ठेवायच्या. लहान मुलाची लाळ फार गळायला लागली, तोंड आलं, की सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायच्या. पुण्यातल्या बुरशीशास्त्राच्या अभ्यासकांनी या वापराची नोंदही करून ठेवली आहे. फणसोंब्याचा उपयोग किती आटोपशीर होता पाहा. एक तक्रार, एक जागा, बोटाच्या टोकाएवढी मात्रा. साखर, कर्करोग, गुडघे आणि केस गळणं अशा सगळ्यांवर एकच उपाय असा दावा त्या बायांनी कधी केला नाही. आणि रेशी ज्या गॅनोडर्मा कुळातली, ते कूळ नारळाच्या बागायतदाराला वेगळ्याच कारणानं माहीत आहे. माडाच्या बुंध्याशी तपकिरी छत्री दिसली की झाड आतून कुजलं असं तो समजतो. तंजावर मर म्हणतात तो रोग हाच.

आता रेशीनं साखर उतरते का, या प्रश्नाकडं येऊ. हा प्रश्न विचारला गेला आहे, नीट विचारला गेला आहे, हे सभेत कुणी सांगत नाही. माणसांवरच्या चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ साली मधुमेह आणि हृदयविकाराच्या जोखमीसाठी रेशी वापरण्यावरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या. पाच चाचण्या, ३९८ माणसं. निष्कर्ष असा की या कामासाठी रेशी घ्या असं म्हणायला आधार नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निकाल छापून आला. त्यात मधुमेह आणि मेटाबोलिक सिंड्रोम (साखर, रक्तदाब, चरबी, पोटाचा घेर यांतलं बरंच एकत्र वाढलेलं) असलेल्या ८४ जणांना १६ आठवडे कॅप्सूल दिल्या. काहींना रेशीच्या, काहींना कॉर्डिसेप्स मिसळलेल्या, काहींना दिसायला तशाच पण आत काही नसलेल्या. कोणाला काय मिळतंय ते घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही नव्हतं. रोजची मात्रा तीन ग्रॅम, म्हणजे काकू घेत होत्या त्याहून बरीच जास्त. शेवटी साखरेत फरक पडला नाही. एवढं स्पष्ट उत्तर हाताशी असताना एका बाईला तिच्या गोळ्या सोडायला लावल्या गेल्या, याचा मला संताप येतो.

कर्करोगाच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. जपाननं १९७७ साली टर्की टेल नावाच्या अळंबीतून काढलेलं पीएसके हे औषध आणि १९८५ साली शिताकेतून काढलेलं लेंटिनन इंजेक्शन मंजूर केलं. मंजूर केलं ते औषध म्हणून, केमोथेरपीच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रेशीवर कॉक्रेननं २०१६ साली पुन्हा पाहिलेल्या पाच चाचण्यांत ३७३ रुग्ण होते. केमो किंवा रेडिएशनच्या सोबत रेशी घेतलेल्यांचा प्रतिसाद काहीसा बरा दिसला. नुसत्या रेशीनं गाठ कमी होते असं दिसलं नाही. चाचण्या छोट्या आणि कच्च्या, असंही त्याच अहवालात नमूद आहे. म्हणजे पुढं शोध घ्यावा एवढा धागा आहे. पण ‘केमो नको, हे घ्या’ म्हणणाऱ्याला त्यात काडीचा आधार नाही.

लायन्स मेनचं आकर्षण मला समजतं, कारण माझ्या स्वतःच्या आईला आता नावं आठवत नाहीत. २००९ साली जपानमध्ये ५० ते ८० वयाच्या, विसरभोळेपणा सुरू झालेल्या ३० जणांवर १६ आठवडे एक चाचणी झाली. पावडर घेणाऱ्यांचे गुण वाढले, बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. ही बातमी आशेची आहे. तीस माणसांची आहे, हेही तितकंच खरं. तीनशेंची, तीन हजारांची चाचणी व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती आपल्या देशात का होऊ नये? मुंबईच्या टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये योगाची रीतसर चाचणी घेतलीच ना. ज्यातून कुणाला पेटंट मिळणार नाही अशा गोष्टीही तपासता येतात, मनात असेल तर.

आता डब्याच्या आत काय असतं ते. माल अळंबीचा आहे म्हटलं तरी अळंबीचा कोणता भाग, हा प्रश्न उरतो. छत्री उगवायला महिने लागतात. त्यामानानं तांदळावर किंवा दुसऱ्या धान्यावर बुरशीचं पांढरं जाळं वाढवणं झटपट आणि स्वस्त. ते जाळं धान्यापासून वेगळं करता येत नाही, म्हणून सगळंच वाळवून दळतात. मग कॅप्सूलमध्ये जे जातं त्यात बुरशी किती आणि भात किती? अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ उत्पादनांची रासायनिक तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिल्याप्रमाणं खरोखर रेशी म्हणता येतील अशी त्यातली फक्त पाच निघाली. अमेरिकेत ही गत.

काकूंच्या परवानगीनं मी त्यांच्या दोन कॅप्सूल बशीत फोडल्या. फिकट, पिठासारखी पूड. जिभेवर ठेवून पाहिली. रेशीची छत्री कडूजहर असते. ही पूड जवळपास बेचव होती. मग दुकानातलं टिंक्चर आयोडीन घेऊन एक थेंब टाकला. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला बटाट्यावर टाकतात तसा. पूड बघता बघता काळी-निळी झाली. काकू आणि त्यांची लेक वाकून पाहत होत्या. ‘‘म्हणजे काय झालं?’’ लेकीनं विचारलं. म्हणजे त्यात स्टार्च आहे, पिठूळ पदार्थ आहे, भरपूर आहे. बशीतल्या एका थेंबावरून मी कुणाला दोषी ठरवत नाही, आणि भर म्हणून स्टार्च घालणं हा गुन्हाही नाही. पण घटकांच्या यादीत ना धान्याचा उल्लेख होता ना स्टार्चचा. साडेतीन हजार रुपये मोजणाऱ्या बाईला निदान एवढं तरी कळायला हवं होतं.

‘पण नुकसान तर नाही ना?’ हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळतो. नुकसान होऊ शकतं. रेशी रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यानं, किंवा ऑपरेशन ठरलेल्यानं, डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये. अवयव बदललेल्या माणसानं तर अजिबात नाही. रेशीची पावडर घेतल्यावर यकृत बिघडल्याच्या घटना हाँगकाँग आणि थायलंडमधल्या डॉक्टरांनी छापल्या आहेत. थायलंडमधला रुग्ण वाचला नाही. चागामध्ये ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात खडे करणारा क्षार, खूप असतं. जपानमध्ये एका ७२ वर्षांच्या बाईनं सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पावडर घेतली आणि तिची मूत्रपिंडं निकामी झाली. अशा घटना थोड्या आहेत, घाबरवून सोडण्याइतक्या नाहीत. रोज घडणारं आणि कुठंही न छापलं जाणारं नुकसान काकूंचं आहे : जे लागू पडत होतं ते सोडलं.

काकूंनी ते का सोडलं यावर मी बराच विचार केला. त्या अडाणी नाहीत, भोळ्याही नाहीत. भिशीचा हिशेब त्या तोंडी ठेवतात. पण दहा वर्षांच्या मधुमेहात डॉक्टरांनी त्यांच्याशी एका वेळी दोन-तीन मिनिटांवर बोलल्याचं त्यांना आठवत नाही. मीही चिठ्ठी घेतो, स्ट्रिपा कापतो, ‘जेवणानंतर’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. डबा विकणारी ताई त्यांच्या ओट्यावर तासभर बसली. झोप लागते का विचारलं, सुनेचं विचारलं, पायाला हात लावून पाहिला. ‘या गोळ्या जन्मभर घ्यायच्या?’ हा प्रश्न काकू दहा वर्षं मनात घेऊन बसल्या होत्या. त्याचं उत्तर पहिल्यांदा कुणीतरी दिलं, आणि ते चुकीचं दिलं. आम्ही औषधवाल्यांनी आणि डॉक्टरांनी ही जागा मोकळी ठेवली नसती तर डब्याला शिरायला वाव मिळाला नसता.

कायदा आहे, आणि चांगला जुना आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४चा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार दिले आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लकवा सगळे त्यात येतात. हे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणं गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक, लेबल यांच्याबरोबर तोंडी केलेली घोषणाही स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे मंगल कार्यालयातल्या सभेत माईकवरून ‘साखर मुळापासून’ म्हणणारा माणूस या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असं मला वाटत नाही. कंपनी मात्र डबा पुढं करते : आम्ही तर लिहिलंय, औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांनी ग्राहकाच्या रक्षणासाठी घातलेली ओळ विकणाऱ्याची ढाल झाली आहे.

माझी मागणी साधी आहे. ती ओळ डब्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत, मालाच्या नावाएवढ्याच अक्षरात असावी. अळंबीची नेमकी जात, छत्री की जाळं, धान्य किती, बीटा-ग्लुकन (अळंबीतला गुणकारी मानला जाणारा घटक) किती टक्के, शिसं आणि कॅडमियम तपासलं का, हे बॅचनिहाय छापलेलं असावं, कारण अळंबी हे जड धातू शोषून घेते. आणि तोंडी दाव्याची जबाबदारी विक्रीच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बाईवर न ढकलता, तिला ते वाक्य पाठ करून घेणाऱ्या कंपनीवर असावी. एखाद्या कंपनीला खरंच वाटत असेल की तिच्या कॅप्सूलनं साखर उतरते, तर तिनं एंडोंच्या वाटेनं यावं. ती गोळी मी माझ्या दुकानात आनंदानं ठेवीन.

तोवर ज्यांना अळंबीचा फायदा हवाच आहे त्यांनी ती खावी. सिंगापूरमध्ये साठीपुढच्या ६६३ लोकांच्या पाहणीत, आठवड्याला ३०० ग्रॅमच्या वर अळंबी खाणाऱ्यांमध्ये विसरभोळेपणाचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. अळंबीमुळंच तसं झालं हे यावरून ठरत नाही, पण भाजी खायला एवढं कारण पुरे. धिंगरी आता आमच्या आठवडी बाजारातसुद्धा मिळते. चिरून दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर खावी.

काकूंची जखम दोन महिन्यांनी भरली. त्यानंतर एका संध्याकाळी, दुकान बंद करायच्या वेळी, डबा विकणारी ताई आली. शिवणकाम करते. बचत गटातून कर्ज काढून तिनं चाळीस हजारांचा माल घेतला होता, त्यातले सात डबे अजून घरात होते. ती भांडायला आली असं मला आधी वाटलं. तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. ज्यांना ज्यांना डबे दिले त्यांची नावं, तारखा, कुणाला कशासाठी दिलं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. एकतीस नावं होती. ‘‘यांतल्या कुणाला धोका आहे तेवढं सांगा,’’ ती म्हणाली.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही वही उघडून बसलो. साखरेसाठी घेतलेले चौदा निघाले. हृदयाचं ऑपरेशन झालेले, रक्त पातळ करायची गोळी माझ्याचकडून नेणारे दोघं. डायलिसिसवर असलेल्या एकाची आई. लाल पेनानं खुणा केल्या. गोळ्या बंद केल्यात का एवढंच आधी विचारायचं, असं ठरलं. ताईनं चष्मा पुसला, पहिला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.